चमकत्या शाईचं मुद्राचित्र: जाड थर, भरड दाणा आणि वरून काळी रेषा

अंधारात चमकणाऱ्या शाईने काढलेला पहिला ठसा सहसा निराश करतो. दिवा मालवला की क्षणभर फिकट हिरवट भास होतो आणि कागद पुन्हा अंधारात बुडतो. दोष शाईला दिला जातो, पण बहुतेक वेळा खरं कारण असतं थराची जाडी.

काळ्या किंवा लाल शाईचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसला तरी रंग पुरेसा दिसतो, कारण तिथे आपण पृष्ठभाग पाहत असतो. चमकत्या शाईचा हिशेब वेगळा. तिच्यातला प्रत्येक दाणा उजेड साठवतो आणि अंधारात तो हळूहळू सोडतो. म्हणजे चित्राच्या एका चौरस मिलिमीटरखाली जितकी भुकटी, तितका उजेड. शिवाय मोठा दाणा बारीक दाण्यापेक्षा जास्त चमकतो. यातून लगेच अडचण उभी राहते: स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई चौकटीवर ताणलेल्या जाळीच्या पडद्यातून कागदावर उतरते, मोठ्या दाण्यासाठी ही जाळी भरड लागते आणि भरड जाळीतून नाजूक रेषा उतरत नाही.

या अडचणीवर उपाय एकच आणि तो चित्र आखतानाच करायचा असतो. उजेडाचे आकार मोठे, साधे आणि जाड थरात छापायचे. रेषा, अक्षरं, पोत, बारकावे हे सगळं नंतर बारीक जाळीतून काळ्या शाईने त्यांच्यावर छापायचं. अंधारात काळ्याने झाकलेला भाग विझतो आणि उरलेल्या उजेडातून रेषा कोरल्यासारखी उमटते. पुढची सगळी कृती या वाटणीवर उभी आहे. एवढा जाड थर सहज देणारी पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणून मुख्य कृती स्क्रीनचीच आहे. लिनोकट, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमचा ठसा करणाऱ्यांसाठी वेगळी युक्ती पुढे दिली आहे.

भुकटी कोणती घ्यायची

बाजारात दोन जाती भेटतात. जुनी जात झिंक सल्फाइडची, तांब्याचा अंश घातलेली. ती तासाभरात जवळजवळ विझते आणि दमट हवेत उन्हाला ठेवली तर काळवंडते. दुसरी स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटची, युरोपियम आणि डिस्प्रोसियम यांचे अंश असलेली. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ साली ती विकसित केली आणि सल्फाइडची सद्दी संपली. हिचा उजेड कितीतरी पट जास्त आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो काही तास दिसत राहतो. मुद्राचित्रासाठी हिच्याशिवाय कुठलीही घेऊ नका. पुडीवर फक्त ‘ग्लो पावडर’ एवढंच लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याला रसायनाचं नाव आणि दाण्याचा आकार विचारा. दोन्हींची उत्तरं मिळत नसतील तर ती पुडी तिथेच राहू द्या.

बोलण्यात आपण अशा सगळ्याच चमकत्या वस्तूंना ‘रेडियम’ म्हणतो. या भुकटीत रेडियम नाही आणि ती किरणोत्सारीही नाही. तसंच फ्लुओरेसंट, म्हणजे निऑन म्हणून मिळणाऱ्या शाईशी तिची गल्लत करू नका. निऑन शाई अतिनील दिवा चालू असेपर्यंतच झळकते, दिवा बंद झाला की तीही संपते.

रंगांत हिरवा सर्वांत उजळ. त्याचा उजेड ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतो. निळसर हिरवा ४९० च्या आसपास असतो आणि टिकण्यात हिरव्याच्या जोडीला बसतो. अंधारात आपला डोळा ५०० नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे हे दोन्ही रंग अधिकच फायद्यात राहतात. जांभळट निळा मंद आणि लाल तर फारच मंद असतो. सुरुवात हिरव्यानेच करा.

पाण्यावर आधारित बेस, म्हणजे भुकटी ज्यात कालवायची ती रंग नसलेली शाई, वापरणार असाल तर दाण्यावर संरक्षक लेप असलेली, पाण्यात टिकणारी भुकटीच मागून घ्या. लेप नसलेल्या दाण्याची पाण्याशी प्रक्रिया होते: मिश्रण घट्ट होत जातं, काही दिवसांत डब्यात त्याचा गठ्ठा बनतो आणि चमक जाते. लेप असलेली भुकटीही ओल्या बेसमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नये. त्या दिवसापुरतीच शाई कालवा.

दाणा आणि जाळी

जाळीचं छिद्र दाण्याच्या निदान तिप्पट हवं. त्यापेक्षा लहान असेल तर दाणे एकमेकांना अडकून छिद्रात कमान धरतात, बेस खाली उतरतो आणि भुकटी वरच राहते. छपाई दिसायला व्यवस्थित होते, पण कागदावर नुसता पारदर्शक बेस बसलेला असतो. अंधार होईपर्यंत हे कळतही नाही.

४३टी जाळी म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. ८० मायक्रॉनच्या धाग्याची असेल तर छिद्र साधारण १५० मायक्रॉनचं पडतं, म्हणजे ५० मायक्रॉनपर्यंतचा दाणा चालतो. ३२टी जाळीचं छिद्र २०० च्या आसपास, तिथे ६५ पर्यंत. ७७टी जाळीत छिद्र ७५ वर येतं आणि दाणा २५ वर थांबतो. १२०टी जाळी या कामासाठी विसरा. पुडीवर ‘सरासरी दाणा ३० मायक्रॉन’ असं लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. जाळी बुजवतो तो सरासरी दाणा नव्हे, सर्वांत मोठा दाणा. कमाल आकार विचारा.

आमची पसंती ४३टी जाळी आणि २५ ते ४५ मायक्रॉनची भुकटी. ३२टी जाळीत उजेड वाढतो, पण कडा करवतीसारख्या दातेरी होतात आणि काळ्या रेषेखाली त्या लपवायला जास्त जागा द्यावी लागते.

एका फेरीत, म्हणजे एकदा छापताना, ४३टी जाळी साधारण ५० ते ५५ मायक्रॉनचा ओला थर सोडते. वाळल्यावर त्यातले २० ते २५ मायक्रॉन उरतात. दाणा ३५ मायक्रॉनचा असेल तर एक फेरी म्हणजे जेमतेम एका दाण्याची उंची, तीही विरळ! पहिला ठसा का फसतो याचं उत्तर या आकड्यात आहे. तीन फेऱ्यांनी सुका थर ७० मायक्रॉनच्या घरात जातो आणि चित्र खऱ्या अर्थाने उजळतं. चौथ्या-पाचव्या फेरीनेही फरक पडतो, पण दर फेरीगणिक कमी, कारण वरचे दाणे खालच्यांपर्यंत पोचणारा प्रकाश अडवू लागतात. कागदही तोवर ताठ होऊन वाकायला लागतो.

आखणी

चमकत्या थरात १ मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवू नका. हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी दाखवलेली छटा, हवाच असेल तर तो भरड ठेवा: सेंटिमीटरला ११ ठिपक्यांच्या वर ४३टी जाळी साथ देत नाही. काळ्या थराच्या पॉझिटिव्हमध्ये (पडद्यावर चित्र उतरवायच्या पारदर्शक फिल्ममध्ये) मात्र हवा तेवढा बारकावा घ्या. जिथे उजेडाची कड काळ्याला भिडते तिथे काळं १ मिलिमीटर आत चढवा. तीन फेऱ्यांत थोडं सरकणं होणारच आणि ते या १ मिलिमीटरखाली झाकलं जातं.

दिवसाचं चित्र एक आणि रात्रीचं दुसरं, असा खेळ करायचा मोह प्रत्येकाला होतो. तो साधतो, पण एक लक्षात ठेवा: पांढऱ्या कागदावर हा थर अदृश्य नसतो. तो किंचित पिवळसर दिसतो आणि तिरप्या उजेडात वाळूसारखा खरखरीत चमकतो. फिकट क्रीम रंगाचा कागद घेतला तर पिवळसरपणा लपतो, उजेडात थोडी घट येते. दुसरी वाट म्हणजे दिवसाच्या चित्रातच तो आकार अर्थपूर्ण करायचा, मग लपवायची गरजच उरत नाही. आम्हाला ही दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते.

रंगीत शाया चमकत्या थराच्या खाली घालू नका. गडद रंग खालून उजेड गिळतो आणि वरचा दुधट थर त्या रंगाचीही धार मारतो. रंग शेजारी ठेवा किंवा काळ्यासारखे वरून छापा.

स्टेन्सिल

इथे नेहमीचीच रीत, फक्त जाड हाताने. पाण्याला टिकणारं इमल्शन, म्हणजे प्रकाश लागला की कडक होणारं लेपद्रव्य, घ्या. छपाईच्या बाजूने दोन, स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) बाजूने तीन लेप द्या. पडदा छपाईची बाजू खाली करून आडवा वाळवा. वाळल्यावर छपाईच्या बाजूने आणखी दोन लेप द्या. जाड इमल्शनला एक्सपोजर, म्हणजे प्रकाश देण्याचा वेळ, जास्त लागतं, म्हणून नेहमीचा वेळ गृहीत न धरता वेळ पायरीपायरीने वाढवत चाचणी घ्या. कमी एक्सपोज झालेलं इमल्शन धुताना टिकतं, पण हे दाणे कठीण आणि घासणारे असल्यामुळे विसाव्या ठशापर्यंत कडा झिजू लागतात.

शाई कालवणं

ए३ कागद, चित्राचा निम्मा भाग चमकता, तीन फेऱ्या, २० प्रतींची आवृत्ती आणि ५ जादा कागद असा हिशेब धरू. प्रत्येक ठशाला साधारण १३ ग्रॅम शाई, म्हणजे २५ कागदांना ३२५. पडद्यावर आणि डब्यात उरणारी धरून ४०० ग्रॅम कालवा: १२० ग्रॅम भुकटी आणि २८० ग्रॅम पारदर्शक बेस. बेसमध्ये आधी १४ ग्रॅम रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) मिसळा, नाहीतर संथ छपाईत पडदा सुकतो.

वजनाने ३० टक्के भुकटी हे चांगलं प्रमाण. २० टक्क्यांखाली उजेड पडतो. ४० टक्क्यांवर दाणे धरून ठेवायला बेस पुरत नाही आणि वाळलेल्या थरावर बोट फिरवलं की पूड हाताला येते. बेस खरोखर पारदर्शक हवा. ‘थोडा उठाव यावा’ म्हणून पांढरी शाई मिसळणं ही सर्रास होणारी चूक आहे. पांढरा रंगकण प्रकाश आत जाऊ देत नाही आणि बाहेरही येऊ देत नाही.

भुकटी मोजताना एन९५ मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. बेस भांड्यात घेऊन त्यात भुकटी थोडी थोडी सोडा, उलटं करू नका, गाठी होतात. ढवळायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. पोलादी पट्टी वापरली तर दाणे धातू खरवडतात आणि शाई राखाडी होते. खलबत्ता, मिक्सर, बॉल मिल यांपैकी काहीही नको: दाणा फुटला की चमक कमी होते आणि ती परत येत नाही. कालवल्यावर १५ मिनिटं झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतील. मग तळापासून हळू ढवळून पडद्यावर घ्या.

छपाई

कागद पांढरा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो सुती. छपाईच्या खोलीत आदल्या दिवशीच पसरून ठेवा. तीन ओले थर घेताना कागद फुगतो-आकसतो आणि आधीच खोलीच्या हवेला स्थिरावलेला कागद कमी नखरे करतो. कागद काळा किंवा रंगीत असेल तर आधी ७७टी जाळीतून पांढऱ्या शाईचे दोन थर द्या. पांढरी जमीन खाली जाणारा उजेड वर परतवते. तिच्याशिवाय काळ्या कागदावरचा उजेड निम्म्याहूनही कमी वाटतो.

स्क्वीजी मऊ, ६० ते ६५ शोअरचा (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) आणि कड किंचित गोलसर. धारदार कडेचा कडक स्क्वीजी शाई खरवडून नेतो, इथे ती सोडायची आहे. कोन नेहमीपेक्षा आडवा, साधारण ६० अंश. पडदा आणि कागद यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर. भरपूर शाईने फ्लड स्ट्रोक, म्हणजे पडद्यावर शाई पसरवणारी हलकी ओढ, द्या आणि मग एकच संथ, सलग ओढ. जोर लावून दोनदा ओढल्याने थर जाड होत नाही, कड मात्र पसरते.

रजिस्ट्रेशनसाठी, म्हणजे फेऱ्या एकमेकींवर अचूक जुळवण्यासाठी, पिना आणि कागदाला चिकटवलेले टॅब वापरा. नुसत्या कोपऱ्याच्या खुणांवर तीन फेऱ्या जुळवणं अवघड जातं. एक फेरी सगळ्या कागदांवर पूर्ण करा, वाळू द्या, मग दुसरी. पंख्याच्या हवेत ३० ते ४५ मिनिटांत थर हाताला सुका लागतो. हेअर ड्रायरने घाई केली तर कागद आकसतो आणि पुढची फेरी जुळत नाही. फेऱ्यांच्या मध्ये पडदा धुवा.

आता सर्वांत त्रासदायक गोष्ट. या भुकटीची घनता ३.६, म्हणजे पाण्याच्या साडेतीनपट. डब्यात आणि पडद्यावरही ती सतत खाली बसते. दुर्लक्ष झालं तर पहिले पाच ठसे झगझगीत आणि शेवटचे पाच मंद होतात आणि दिवसा दोघांत काही फरक दिसत नाही. दर तीन-चार ठशांनी पडद्यावरची शाई पट्टीने उलटसुलट करा, डब्यातली तळापासून ढवळा. दर पाचवा ठसा कोपऱ्यातल्या अंधारात नेऊन पाहा. ही सवय मोडू नका.

काळा थर

तिसरी फेरी वाळून २४ तास झाल्यावर काळं घ्या. चमकता थर हाताला सँडपेपरसारखा लागतो आणि काळी शाई त्याच्या उंचवट्यांवर बसून खळगे चुकवते. अंधारात ते खळगे रेषेतून चांदण्यांसारखे फुटतात. त्यावर उपाय असा: त्याच ४३टी पडद्यातून एक फेरी भुकटीविना, नुसत्या बेसची द्या. पृष्ठभाग बराच सपाट होतो. मग ७७टी किंवा ९०टी जाळीतून, ६५ ते ७० शोअरच्या स्क्वीजीने काळं छापा. ठसा उजेड दाखवून अंधारात पाहा. रेषेतून हिरवट झिरपत असेल तर काळ्याची दुसरी फेरी लागेल.

या वरच्या बेसला किंवा शेवटच्या वार्निशला ‘यूव्ही संरक्षण’ असल्याचा दावा असेल तर ते टाळा. हे दाणे मुख्यतः अतिनील आणि निळ्या प्रकाशावर, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटरच्या आतल्या प्रकाशावर भरतात. अतिनील अडवलं की अर्धं अन्न तोडल्यासारखं होतं. याच कारणाने यूव्ही दिव्याखाली वाळणाऱ्या शाईत ही भुकटी घालणं कटकटीचं ठरतं: दाणेच अतिनील शोषून घेतात आणि खालची शाई ओली राहते.

लिनो आणि लाकूडठसा

रोलरने लावलेल्या पातळ थरात हे दाणे मावत नाहीत. भुकटी तेलशाईत मिसळून रोलर फिरवला तर दाणे खळग्यांत जमतात आणि ठसा डागाळतो. त्याऐवजी पारदर्शक, चिकट तेलबेसने ठसा घ्या, तो ओला असतानाच चाळणीतून भुकटी वर भुरभुरवा, दोन मिनिटं थांबा आणि कागद उभा करून जादा भुकटी खालच्या ट्रेमध्ये झटका. मास्क इथे अधिकच गरजेचा. वाळल्यावर मऊ ब्रशने हलकेच झाडा. सुटणारी भुकटी सुटली की वरून पातळ वार्निश फवारा. एका दाण्याची जाडी मिळते, स्क्रीनइतका उजेड येत नाही, पण लिनोची कड जशीच्या तशी राहते. तांब्या-जस्ताच्या कोरलेल्या प्लेटवर मात्र हा प्रयोग नको, जादा शाई पुसताना कठीण दाणे प्लेट ओरबाडतात.

पारख

खरं मोजमाप हवं असेल तर आवृत्तीआधी एक पट्टी छापा: त्याच कागदावर एकापासून पाच फेऱ्यांपर्यंत पाच चौकोन. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली एक मिनिट किंवा ढगाळ दिवशी खिडकीबाहेर पाच मिनिटं धरा. टॉर्चकडे थेट पाहू नका. मग पूर्ण अंधारात कॅमेरा स्टँडवर लावून आयएसओ १६००, एफ २.८, ४ सेकंद या एकाच मापावर १, १० आणि ३० मिनिटांनी फोटो घ्या. डोळ्यावर भरवसा ठेवू नका: अंधाराला सरावायला त्याला २० ते ३० मिनिटं लागतात, त्यामुळे ठसा मंद होत असतानाही तो तेवढाच उजळ वाटू शकतो. किती फेऱ्या द्यायच्या ते या फोटोंवरून ठरवा.

ठसा उजळलाच नाही तर आधी दिवा तपासा. पिवळ्या बल्बच्या किंवा वॉर्म एलईडीच्या उजेडात निळा भाग इतका कमी असतो की चांगला ठसाही अर्धपोटी राहतो. दिवा ठीक असेल तर जाळी पाहा, मग फेऱ्यांची संख्या.

काम संपल्यावर पडद्यावरची शाई पट्टीने पूर्ण काढा आणि मगच धुवा. धुतलेलं पाणी बादलीत निवळू द्या, तळाचा गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाका, नळीत सोडला तर तो सिमेंटसारखा बसतो. शेवटी खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च मारा आणि बंद करा. जाळीत अडकलेले दाणे एकेक करून दिसतात. टेबलावर, स्क्वीजीच्या मुठीवर, इतर शायांच्या झाकणांवरही तेवढ्यात नजर टाका, कारण एका भरड दाण्याने पुढच्या कामाची १२०टी जाळी बुजू शकते.

ठसे रचताना मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, पातळ) कागद घाला आणि गुंडाळी करू नका, जाड थराला भेगा जातात. फ्रेमसाठी यूव्ही अडवणारी काच नको, साधी घ्या. प्रदर्शनात ठसा लावायचा तर ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी टाइमरवर ठेवा: १० मिनिटं उजेड, ५ मिनिटं पूर्ण अंधार. बाहेर जाण्याच्या वाटेचा दिवा त्या ५ मिनिटांत चित्राच्या भिंतीवर पडत नाही ना, हे टांगण्यापूर्वी रात्री उभं राहून पाहून घ्या.